ट्रॅफिकेटरला ‘इंडिकेटर’ म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: १९३८ च्या इंग्लंडमधल्या एका कथेचा अनुवाद चालू आहे. वळण्याआधी मॉरिस गाडीचा ‘ट्रॅफिकेटर’ बाहेर येतो, असं वाक्य आहे. तिथे सरळ ‘इंडिकेटर’ लिहिलं तर चालेल का?

माझ्या मते, नको. ट्रॅफिक आणि इंडिकेटर जोडूनच तो शब्द झाला आहे, हे खरं. पण इंडिकेटर म्हटलं की मराठी वाचकाला लुकलुकणारा पिवळा दिवा दिसतो, आणि ट्रॅफिकेटर लुकलुकत नसे. बहुतेक गाड्यांत दारालगतच्या खांबात एक उभी खाच असे आणि तीत साधारण वीतभर लांबीचा हात मिटून बसलेला असे. बटण फिरवलं की आतल्या तारेच्या गुंडाळीत वीज जाई, ती लोखंडी दांडा ओढून घेई आणि हात खाचेतून उसळून आडवा होई. त्यातला बारीक दिवा लागून नारिंगी कवच स्थिर उजळे. वीज तोडली की हात आपल्या वजनाने खाली. तो अडकायचाही, मग चालक आतून खांबावर बुक्की मारायचा. तुमच्या कथेत पुढे अशी बुक्की आली, तर ‘इंडिकेटर’ वाचलेल्या माणसाला ती कशासाठी हे कळणारच नाही.

हे यंत्र चालकाच्या हाताच्या बदली आलं होतं. जर्मनांनी ते नावातच ठेवलं: बॉशने १९२८ मध्ये काढलेला तो ‘विंकर’, म्हणजे हाताने खूण करणारा. लुकलुकणारे दिवे आल्यावर त्यांनी शब्द बदलून ‘ब्लिंकर’ केला. इटालियन लोक मात्र दिव्यालाही अजून ‘फ्रेच्चा’, म्हणजे बाणच म्हणतात. आपल्याकडे हात अजून कायद्यातही आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२१ नुसार उजव्या स्टिअरिंगच्या गाडीला वळण्याची खूण हाताऐवजी यांत्रिक किंवा विजेच्या साधनाने देता येते. डाव्या स्टिअरिंगच्या गाडीला मात्र ती साधनानेच द्यावी लागते.

आता क्रियापद, कारण अनुवाद खरा तिथे अडतो. इंडिकेटर आपण ‘देतो’ किंवा ‘लावतो’. ट्रॅफिकेटरला यातलं काहीच नीट बसत नाही. ‘गाडीने हात दाखवला’ हे तर टाळाच. आपल्याकडे हात दाखवतो तो एसटीची वाट बघणारा प्रवासी, गाडी थांबावी म्हणून. ‘बाहेर काढणे’ चांगलं.

मी असं लिहीन: ‘मॉरिसने डाव्या खांबातला ट्रॅफिकेटर बाहेर काढला. तो नारिंगी हात उजळला आणि गाडी गल्लीत वळली.’ मूळ शब्द एकदा राहतो, वस्तू लगेच दिसते, तळटीप लागत नाही. पुढे सगळीकडे नुसतं ‘हात’ म्हणा. ‘दिशादर्शक भुजा’ वगैरे घडवू नका, तो शब्द वाचताना मोटार दिसत नाही, सरकारी परिपत्रक दिसतं.

पुढची कथा हाती घ्याल तेव्हा साल आणि देश दोन्ही बघा. अमेरिकेत ब्यूइकने १९३९ च्या गाड्यांना लुकलुकणारे दिवे दिले होते, तिथे ‘इंडिकेटर’ बिनधास्त लिहा. इंग्लंडमधल्या मॉरिस मायनरला मात्र १९६१ पर्यंत हातच होता.