कच्छच्या रणातलं गुलाबी फुलपाखरू कोणतं? पुण्यात घरी वाढवता येईल का?

कच्छच्या रणात पाहिलेल्या गुलाबी फुलपाखराच्या काळ्या किनारीत पंखाच्याच रंगाचे ठिपके दिसले म्हणताय, म्हणजे हे स्मॉल सॅमन अरब, शास्त्रीय नाव कोलोटिस अमाटा. पंख पसरून जेमतेम साडेतीन ते पाच सेंटिमीटर. पंख मिटले की खालची बाजू पिवळट हिरवी, त्यामुळे बसल्यावर ते शोधत बसावं लागतं. त्याच भागात याचा भाऊबंद ब्लू-स्पॉटेड अरबही असतो, म्हणून उघड्या पंखांचा फोटो असेल तर टाका. घोळक्यात एखादं पांढरं दिसलं असेल तर ती याचीच मादी असू शकते. माद्या दोन्ही रंगांत येतात.

पण माझी खरी खूण पंखांची नाही, झाडाची. तुम्ही लिहिलंय, सगळी एकाच हिरव्या झुडपाभोवती घुटमळत होती. ते पिलू नावाचं झाड असणार. पुण्याच्या कॅम्पात दात घासायला मिसवाकच्या काड्या विकतात ना, तेच. खाऱ्या जमिनीतही बारमाही हिरवं. मी छोट्या रणात त्याचं पान चावून पाहिलं, तर मोहरी फेसल्यासारखी झणझण थेट नाकात! हा झणका किड्यांना दूर ठेवायला असतो. या फुलपाखरांच्या कुळातल्या अळ्यांच्या आतड्यात मात्र त्याचं विष होऊ न देणारं प्रथिन असतं. कोबीवरच्या पांढऱ्या फुलपाखरांचं बिंगही हेच.

मादी पिलूवर अंडी घालते. हिरवी अळी पानात अशी मिसळते की आधी कुरतडलेली कड दिसते, मग ती. कोष शेपटीकडून चिकटलेला आणि कमरेला रेशमाचा एकच धागा, माडावर चढणाऱ्याने दोर बांधावा तसा.

आता तुमचा दुसरा प्रश्न: अंडी आणून कोथरूडच्या गॅलरीत वाढवायची का? नको. सोबत आणलेली फांदी सुकली की अळ्यांना रोज ताजा पिलू कुठून आणणार? हौस असेल तर वाघाटी शोधा. हो, आषाढी द्वादशीला जिच्या फळांची भाजी करतात तीच. तीही मोहरीच्याच गोतावळ्यातली, आणि कॉमन गल, ग्रेट ऑरेंज टिप या फुलपाखरांच्या अळ्या तिच्यावर वाढतात. पावसाळ्यात टेकडीवर जाल तेव्हा कोवळी पानं उलटून बघा. काटे आकड्यासारखे वाकडे असतात, फुल बाह्यांचा शर्ट घाला.