वाचकांचे प्रश्न : जुन्या भूरासायनिक नोंदींची साफसफाई

ओढ्यांतला गाळ आणि विहिरी-झऱ्यांचं पाणी यांच्या जुन्या सर्वेक्षणांच्या फाइली वापरायला घेतल्या की कुठे ना कुठे गाडी अडते. त्याबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : युरेनियमच्या रकान्यात काही ठिकाणी -०.५ असे उणे आकडे आहेत, काही ठिकाणी शून्य. त्या ओळी काढून टाकाव्यात, की शोधमर्यादेची (यंत्राला ओळखता येणाऱ्या सगळ्यांत कमी प्रमाणाची) निम्मी किंमत भरावी?

ओळी काढू नका. पदार्थाचं प्रमाण उणे असू शकत नाही, म्हणून तो आकडा चुकलेला वाटतो. पण बहुतेक वेळा ती खूण असते. -०.५ म्हणजे ‘०.५ पेक्षा कमी’. फक्त अंक मावणाऱ्या रकान्यात ‘पेक्षा कमी’चं चिन्ह घालता येत नसे, म्हणून उणे चिन्हावर भागवलेलं असतं. अशा ओळी काढल्या तर नेमके कमी प्रमाणाचेच नमुने गळतात आणि सरासरी फुगते. तशाच ठेवल्या तर सरासरी खाली घसरते, शिवाय लॉग घेताना बरीचशी सॉफ्टवेअर त्या ओळी गुपचूप वगळतात. हे जास्त वाईट, कारण ते दिसत नाही.

मूळ रकान्याला हात लावू नका. शेजारी दोन नवे रकाने करा : एकात निव्वळ आकडा (०.५), दुसऱ्यात शेरा (‘पेक्षा कमी’, ‘पेक्षा जास्त’ किंवा कोरा). हे फक्त प्रमाणाच्या रकान्यांना करायचं. संपूर्ण फाइलीवर ‘उणे चिन्ह काढ’ अशी आज्ञा चालवली, तर पश्चिम रेखांश पूर्वेला जातात आणि रेडॉक्स विभवाची (पाणी ऑक्सिडीकारक आहे की क्षपणकारक हे सांगणाऱ्या व्होल्टेजची) खरीखुरी उणे मापनंही बिघडतात.

-९९ किंवा -९९९९ ही मात्र ‘नोंद नाही’ची खूण असण्याची शक्यता जास्त. ओळखायला सोपं आहे. प्रत्येक मूलद्रव्याच्या उणे आकड्यांची वारंवारता-यादी काढा. शोधमर्यादा असेल तर मोजकेच आकडे पुन्हा पुन्हा येतात आणि सगळ्यांत लहान धन आकडे त्यांच्या आसपासच सुरू होतात. तोच उणे आकडा सगळ्या मूलद्रव्यांत दिसला तर ती रिकाम्या जागेची खूण. एक अपवाद लक्षात ठेवा : नमुन्याच्या वजनाप्रमाणे किंवा इतर मूलद्रव्यांच्या अडथळ्याप्रमाणे शोधमर्यादा बदलत असेल, तर उणे आकडे बरेच वेगवेगळे दिसतील. न्यूट्रॉन सक्रियणात (नमुन्यावर न्यूट्रॉन सोडून त्याचा किरणोत्सार मोजण्याच्या पद्धतीत) असं हमखास होतं.

शून्य हा सगळ्यांत त्रासदायक प्रकार. मोजलंच नाही, मोजलं पण सापडलं नाही, किंवा कोरी जागा प्रोग्रामने शून्य म्हणून वाचली, यांतलं काहीही असू शकतं. एका बॅचमधला (एकत्र तपासलेल्या नमुन्यांच्या गटातला) पूर्ण रकाना शून्य असेल तर मोजलेलं नाही असं धरा. धन आकड्यांत मधूनच शून्यं विखुरलेली असतील तर ‘संदिग्ध’ असा शेरा मारून ती गणितातून बाजूला ठेवा. पीएच शून्य म्हणजे मात्र कोरी जागाच.

निम्मी किंमत नकाशा रंगवण्यापुरती चालते. सरासरी, प्रमाण विचलन, सहसंबंध यांसाठी ती वापरू नका. बॅचगणिक मर्यादा वेगळी असेल तर निम्म्या किमतींचेच खोटे पुंजके तयार होतात. मर्यादा एकच असेल आणि निम्म्याहून कमी नमुने तिच्याखाली असतील, तर सरळ मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) घ्या, त्याला काही धक्का लागत नाही. मर्यादा अनेक असतील तर कॅप्लन-मायर पद्धत (‘पेक्षा कमी’ नोंदीही हिशेबात धरणारी सांख्यिकी पद्धत) वापरा. निम्म्याहून जास्त नमुने मर्यादेखाली असतील तर तीही बहुधा मध्यक देत नाही. तेव्हा ‘मध्यक अमुक आकड्यापेक्षा कमी’ एवढंच लिहावं.

प्रश्न : नकाशावर काही ठिपके ओढ्यापासून थोडे सरकलेले आहेत, काही तर मैलोगणती दूर. दोन्हींचं कारण एकच का?

नाही. सगळे ठिपके एकाच दिशेला साधारण सारखेच सरकले असतील तर डेटम (अक्षांश-रेखांश ज्या आधारावर मोजतात तो) चुकला आहे. अमेरिकेतल्या जुन्या नकाशांवरून घेतलेली स्थानं एनएडी २७ या जुन्या डेटममध्ये असतात. ती एनएडी ८३ या नंतरच्या डेटममधली समजून वापरली तर फरक दहा-वीस मीटरपासून शंभरेक मीटरपर्यंत जातो, आणि यूटीएम या मीटरमध्ये मोजायच्या नकाशा-जाळीच्या उत्तर-निर्देशांकात तो सुमारे २०० मीटर दिसतो. छोट्या ओढ्याचा नमुना शेजारच्या खोऱ्यात ढकलायला एवढं पुरतं.

मैलोगणती दूर गेलेल्या ठिपक्यांत बहुधा अंश-मिनिट-सेकंदांचा घोळ असतो. ४५.३०१२ हा आकडा दशांश अंश आहे की ४५ अंश ३० मिनिटं १२ सेकंद? एका नोंदीवरून कळत नाही, हजारांवरून कळतं. दशांशचिन्हानंतरच्या पहिल्या दोन अंकांचा आयतालेख (कोणता आकडा किती वेळा येतो त्याचा आलेख) काढा. ६० ते ९९ हा भाग ओसाड असेल तर ती मिनिटं आहेत.

पंचकार्डांवरून (भोकं पाडून नोंदी ठेवायच्या जुन्या कार्डांवरून) आलेल्या फाइलींत आणखी एक सापळा असतो. फोर्ट्रान या संगणकभाषेच्या ठराविक रुंदीच्या रकान्यात दशांशचिन्ह न छापताही ते गृहीत धरलेलं असे. त्यामुळे ००२३५ म्हणजे २३.५ असू शकतं. रकान्यांची वर्णनपत्रिका मिळेपर्यंत अशा फाइलीवर काम सुरूच करू नये.

प्रश्न : लोहाचे आकडे कुठे ४.५ तर कुठे ४५,००० आहेत. दहा हजारने गुणून जुळवले. चालेल ना?

टक्के आणि पीपीएम (दहा लाखांत किती भाग) यांत १०,००० पट फरक आहे, तेवढ्यापुरतं बरोबर. पण ४.५ टक्के लोह आहे की फेरिक ऑक्साइड, हे आधी बघा. फेरिक ऑक्साइडला ०.६९९ ने, ॲल्युमिनाला ०.५२९ ने आणि युरेनियम ‘यू-थ्री-ओ-एट’ रूपात दिलं असेल तर त्याला ०.८४८ ने गुणल्यावर मूलद्रव्य मिळतं. पाण्यात नायट्रेटचा असाच गोंधळ होतो : ‘नायट्रोजन म्हणून’ दिलेल्या आकड्याला ४.४३ ने गुणलं की नायट्रेट येतं. क्षारतेचा (पाण्याच्या आम्ल शमवण्याच्या क्षमतेचा) आकडा ‘कॅल्शियम कार्बोनेट म्हणून’ असेल तर १.२२ ने गुणून बायकार्बोनेट काढा. गाळ पीपीएममध्ये आणि पाणी पीपीबीमध्ये (शंभर कोटींत किती भाग) ही जुनी रीत आहे. दोन्ही एकाच तक्त्यात असतील तर एककाचा वेगळा रकाना हवाच.

प्रश्न : एकच नमुना क्रमांक दोनदा आला आहे. दुसरी नोंद पुसू का?

माध्यम बघा. एकाच ठिकाणच्या गाळाला आणि पाण्याला पुष्कळदा एकच क्रमांक दिलेला असतो. माध्यम एकच असेल आणि आकडे थोडे वेगळे, तर ती दुबार तपासणीची जोडी आहे, म्हणजे पुन्हा मोजलं तर आकडे किती जुळतात हे तपासायचं तुमच्या हातातलं एकमेव साधन. अशा जोड्या वेगळ्या तक्त्यात जपा. प्रत्येक जोडीतल्या फरकाला बेरजेने भागा, वर्ग करा, सगळ्या जोड्यांची सरासरी घ्या, दोनने गुणा, वर्गमूळ काढा आणि १०० ने गुणा : ही टक्क्यांतली सापेक्ष चूक. शेवटच्या अंकापर्यंत सगळे रकाने जुळत असतील तरच एक नोंद वगळा. क्रमांकाचा रकाना मजकूर म्हणूनच उघडा, नाहीतर स्प्रेडशीट सुरुवातीची शून्यं खाते आणि ‘३-१२’ची तारीख करून टाकते.

प्रश्न : सर्वेक्षणाच्या दोन शेजारच्या नकाशा-पत्रकांच्या सीमेवर नकाशात सरळ रेघ दिसते. गुणक लावून ती घालवता येईल का?

भूगर्भाला पत्रकाच्या सीमा ठाऊक नसतात, त्यामुळे ती रेघ माणसाने केलेली आहे हे नक्की. अमेरिकेच्या एनयूआरई या युरेनियम सर्वेक्षणाचं उदाहरण घ्या. १९७० च्या दशकातलं हे काम लॉस अलामोस, लॉरेन्स लिव्हरमोर, ओक रिज आणि सव्हॅना रिव्हर या चार प्रयोगशाळांत वाटलेलं होतं, आणि नमुने घेण्यापासून मोजण्यापर्यंत सगळीकडे पद्धत सारखी नव्हती.

गुणक लावण्याआधी फरक कशामुळे आला ते शोधा. चाळणी वेगळी असेल (८० मेशच्या चाळणीची भोकं १७७ मायक्रॉनची, १०० मेशची सुमारे १५०) तर बारीक मातीला चिकटणारी मूलद्रव्यं आणि जड खनिजांतली मूलद्रव्यं वेगवेगळ्या दिशांना सरकतात. विरघळवण्याची पद्धत वेगळी असेल तर गोष्ट आणखी बिकट. विलंबित न्यूट्रॉन मोजणी (नमुना न विरघळवता त्यातून उशिरा बाहेर पडणारे न्यूट्रॉन मोजायची पद्धत) गाळातलं एकूण युरेनियम देते. आम्लात काढून प्रतिदीप्तीने (प्रकाश पाडल्यावर येणाऱ्या चमकेवरून) मोजलं तर झिरकॉन-मोनाझाइटसारख्या सहज न विरघळणाऱ्या खनिजांमध्ये अडकलेलं युरेनियम बरंचसं मागेच राहतं. क्रोमाइटमधल्या क्रोमियमचं आणि बॅराइटमधल्या बेरियमचंही तेच.

सीमेच्या दोन्ही बाजूंचे, एकाच खडकावरचे नमुने घ्या आणि १०, २५, ५०, ७५, ९० हे शततमक (तेवढे टक्के नमुने ज्याच्याखाली येतात ते आकडे) लॉग प्रमाणावर समोरासमोर मांडा. फरक सगळीकडे सारखा असेल तर गुणक चालेल. फक्त खालच्या टोकाला असेल तर शोधमर्यादेचा प्रश्न आहे. खडकागणिक फरक बदलत असेल तर हरवलेलं खनिज कुठल्याही गुणकाने परत येत नाही. तेव्हा पत्रकं वेगळीच ठेवा किंवा जपलेले नमुने पुन्हा तपासून घ्या. एनयूआरईच्या साठवलेल्या नमुन्यांबाबत अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने हाच मार्ग धरला.

प्रश्न : पाण्याच्या तपासण्यांबरोबर प्रयोगशाळेची टिपणं नाहीत. भरवसा कसा ठेवायचा?

मुख्य आयन दिलेले असतील तर ते मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटरमध्ये (विद्युतभाराच्या हिशेबातल्या एककात) बदला. धन आणि ऋण आयनांच्या बेरजांमधला फरक त्यांच्या एकूण बेरजेच्या ५ टक्क्यांत असावा. फार विरळ पाण्यात १० टक्के चालवून घ्या. धन आयनांची बेरीज साधारणपणे विद्युतवाहकतेच्या शंभराव्या भागाइतकी येते (वाहकता मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटरमध्ये, जुन्या नोंदींतला मायक्रोम्हो म्हणजे तेच एकक). ओळीमागून ओळ फरक नेमका शून्य येत असेल तर खूश होऊ नका : सोडियम मोजलेलं नाही, वजाबाकीने भरलेलं आहे.

समतोल जुळला म्हणून अल्प प्रमाणातले धातू बरोबर ठरत नाहीत. न गाळता आम्ल घातलेल्या पाण्यात गढूळपणातल्या मातीचं लोह आणि ॲल्युमिनियम उतरतं. आम्ल न घालता ठेवलेल्या बाटलीत लोह तळाशी बसतं आणि आर्सेनिकलाही बरोबर नेतं. म्हणून ‘०.४५ मायक्रॉनमधून गाळलं का’ आणि ‘आम्ल घातलं का’ हे दोन रकाने हवेतच, आणि उत्तर माहीत नसेल तर तिथे ‘अज्ञात’ असंच लिहा.