वाचकांचे प्रश्न : विमा परवडत नाही, मग उपचारांचं काय?

आरोग्य विम्याचा खर्च आणि सरकारी मदत या विषयावर नाशिक जिल्ह्यातून आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. पत्रं लांब होती, म्हणून प्रश्न थोडक्यात दिले आहेत.

प्रश्न : ज्यांना विम्याचा हप्ता झेपत नाही त्यांचा भार सरकारने का उचलावा? आम्ही आमचा हप्ता दरवर्षी मुकाट्याने भरतो, आम्हाला कोण विचारतं? (एक वाचक, गंगापूर रोड)

तुम्हालाही विचारलंय, फक्त ते तुमच्यापर्यंत पोचलेलं दिसत नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांची राज्यात सांगड घातली आहे. १ जुलै २०२४ पासून दर कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे आणि त्यात पिवळं, केशरी आणि पांढरं अशी सगळी रेशनकार्डं येतात. त्यामुळे हा ‘त्यांचा’ भार राहिलेला नाही.

आता मूळ मुद्दा. खाजगी विम्याचा हप्ता वयावर आणि आजारावर ठरतो, म्हणजे ज्याला गरज जास्त त्यालाच तो महाग पडतो. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत एप्रिलच्या खरड छाटणीला आणि ऑक्टोबरच्या छाटणीला पेठ-सुरगाण्याहून येणाऱ्या जोडप्याच्या हातात पैसा येतो तो हंगामात, आणि हंगामातच उचल फेडण्यात जातो. वर्षाचा हप्ता एकरकमी भरणं त्यांच्या हिशोबात बसतच नाही. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागात जेमतेम १४ टक्के आणि शहरात १९ टक्के लोकांनाच कुठलं ना कुठलं आरोग्य संरक्षण होतं. बाजार हे काम आपणहून करेल, अशी आशा धरण्यात अर्थ नाही.

पण मदत कशी, यावर आमचं मत ठाम आहे. सरकारने कंपन्यांचे हप्ते भरत बसू नये, उपचारांचे पैसे द्यावेत, आणि त्याआधी सरकारी दवाखान्यात डॉक्टर व औषधं असतील हे बघावं. आजच्या योजनेतली मोठी फट म्हणजे ती रुग्ण दाखल झाल्यावरच जागी होते. मधुमेहाच्या रुग्णाची किडनी गेली की डायलिसिसचे पैसे मिळतात, पण त्याआधी वर्षानुवर्षं लागलेल्या गोळ्यांचे नाहीत. या गोळ्यांवर दर महिन्याला खाजगी दुकानात पैसे घालवणाऱ्यांनी एक करावं : मेटफॉर्मिन (मधुमेहासाठी), अ‍ॅम्लोडिपिन (रक्तदाबासाठी) यांसारखी नेहमीची औषधं प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात, तिथे नाव नोंदवावं. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरचेही पैसे लागत नाहीत. त्यात त्र्यंबक रोडचं सिव्हिल आणि शालिमारचं संदर्भ सेवा रुग्णालय दोन्ही येतात. महापालिकेच्या रुग्णालयांना मात्र हा निर्णय लागू नाही.

प्रश्न : वडिलांना अटॅक आला. बाहेर योजनेचा फलक असलेल्या रुग्णालयात नेलं. आधी अनामत भरून घेतली, मग सांगितलं की आता योजनेत बसत नाही. शिवाय ‘चांगला स्टेंट हवा तर फरक भरा’ म्हणाले. हे बरोबर आहे का? (पेठ तालुका)

फरक मागणं चूक आहे. स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनीत बसवायची जाळी, जनआरोग्य योजनेच्या पॅकेजमध्येच (उपचाराच्या ठरलेल्या एकत्रित रकमेत) धरलेला असतो. तपासण्या, औषधं, शस्त्रक्रिया, रुग्णाचं जेवण, परतीचं भाडं आणि सुटीनंतरच्या १० दिवसांचा पाठपुरावाही त्यातच येतो.

अनामतीचं मात्र नीट समजून घ्या, कारण बहुतेक कुटुंबं इथेच अडकतात. ही योजना रोकडरहित आहे. आधी भरलेले पैसे मागाहून परत देण्याची सोय तिच्यात नाही, आणि शस्त्रक्रियेची मंजुरी शस्त्रक्रियेच्या आधी घ्यावी लागते. रुग्ण एकदा ‘कॅश’ म्हणून दाखल झाला, दुसऱ्या दिवशी अँजिओप्लास्टी उरकली आणि तिसऱ्या दिवशी गावाहून रेशनकार्ड आलं, तर तोवर दार बंद झालेलं असतं. म्हणून दाखल करताना पहिलं वाक्य हेच बोलायचं : ‘रुग्ण योजनेतून दाखल करायचा आहे, आरोग्यमित्र कुठे बसतात?’ योजनेच्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेच्या मदतनीसाचा, टेबल असतो. तिथे रेशनकार्ड आणि आधार दाखवून नोंदणी होते. मग रुग्णालय अँजिओग्राफीची सीडी, ईसीजी आणि रुग्णाचा फोटो ऑनलाइन पाठवून मंजुरी मागतं. अटॅकसारख्या तातडीत फोनवरून तात्पुरती मंजुरी मिळते आणि कागद मागून देता येतात. ‘कागद नाहीत, म्हणून आधी पैसे भरा’ हे उत्तर तातडीच्या रुग्णाला देता येत नाही.

फलकाबद्दलही एक सांगायला हवं. रुग्णालय योजनेत असलं तरी ठरावीक विभागांपुरतंच असू शकतं. हाडांच्या शस्त्रक्रियांसाठी आहे, हृदयासाठी नाही, असं सर्रास असतं. काही शस्त्रक्रिया तर फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. म्हणून निघण्यापूर्वी १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या क्रमांकावर आजार सांगून विचारा : नाशिकमध्ये या उपचारासाठी कोणती रुग्णालयं आहेत?

पैसे घेतलेच असतील तर पावती रुग्णाच्या नावाने घ्या. बाहेरून औषधं आणायला लावली तर दुकानाचं बिलही रुग्णाच्याच नावाचं हवं. तक्रार याच क्रमांकांवर नोंदवून तिचा नंबर लिहून ठेवा आणि योजनेच्या जिल्हा समन्वयकाकडे लेखी अर्ज द्या. सुटी होण्याआधी केलेल्या तक्रारीला जोर असतो. एकदा घरी आलं की रुग्णालयाला घाई राहत नाही.

प्रश्न : सुनेचं नाव अजून माहेरच्या रेशनकार्डावर आहे. ऑपरेशन ठरलंय. चालेल का? (सिन्नर)

आजच्या आज आरोग्यमित्राला माहेरचं कार्ड आणि आधार दाखवा. नाव ज्या कार्डावर आहे त्या कुटुंबाच्या मर्यादेतून उपचार होतील. माहेरच्या कार्डावरचं नाव मध्येच कमी करून ठेवू नका. तिथून नाव कमी झालं आणि सासरी चढलं नाही, असा मधला काळ फार वाईट. बदल ऑपरेशननंतर करा, आणि दोन्ही अर्ज पाठोपाठ द्या. ५ लाखांची मर्यादा माणशी नसून कुटुंबाची असते, हेही लक्षात असू द्या.

नावातला फरक हे नोंदणी अडण्याचं दुसरं नेहमीचं कारण. रेशनकार्डावर ‘सुमनबाई’ आणि आधारवर ‘सुमन’ एवढ्यावरूनही खोळंबा होतो. कुणी आजारी नसताना आधार, रेशनकार्ड आणि १२ अंकी ऑनलाइन रेशनकार्ड क्रमांक शेजारी ठेवून प्रत्येकाचं नाव आणि जन्मसाल ताडून बघा.

प्रश्न : सातपूरला ठेकेदाराकडे आहे, पगार १६ हजार. विमा घेणं जमत नाही. (सातपूर कॉलनी)

तुमचा विमा बहुधा आधीच आहे. पगारपत्रकात ‘ईएसआय’ची (कर्मचारी राज्य विम्याची) कपात शोधा. २१ हजारांपर्यंत पगार असलेल्यांना तो लागू होतो. तुमच्या पगारातून ०.७५ टक्के, म्हणजे १२० रुपये जातात, आणि मालकाने ३.२५ टक्के, म्हणजे ५२० रुपये भरायचे असतात. कपात दिसते पण १० अंकी विमा क्रमांक मिळालेला नाही, तर ठेकेदाराकडून तो मागा आणि कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या संकेतस्थळावर वर्गणी खरंच भरली जाते का ते पाहा. घरच्यांची नावं त्या नोंदीत घालून घ्या, नाहीतर सातपूरच्या कामगार विमा रुग्णालयात तुमच्यावर उपचार होतील आणि बायको-मुलांना परत पाठवतील. यात बाह्यरुग्ण तपासणी आणि औषधंही मिळतात. दाखल झाल्यावरच मदत मिळण्याची वर म्हटलेली फट इथे नाही. आजारपणाच्या रजेत ७० टक्के दराने भत्ता मिळतो, वर्षात ९१ दिवसांपर्यंत, पण त्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणी काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी लागते.

प्रश्न : आजार योजनेच्या यादीत नाही. मुख्यमंत्री सहायता निधीतून बिलाचे पैसे परत मिळतील का? (नाशिकरोड)

परत मिळत नाहीत. हा निधी उपचार चालू असताना, खर्चाच्या अंदाजपत्रकावर रुग्णालयाला दिला जातो. खाजगी रुग्णालयाचं अंदाजपत्रक असेल तर त्यावर जिल्हा शल्यचिकित्सकांची सही लागते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला १ लाख ६० हजारांच्या आतला हवा. तो मिळेपर्यंत दिवस जातात, म्हणून निदान झालं त्याच दिवशी सेतूत अर्ज टाका.

त्याआधी धर्मादाय रुग्णालयाचा विचार करा. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक प्रमाणे अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. ‘खाट शिल्लक नाही’ असं सांगितलं तर तोंडी उत्तर घेऊन परतू नका; धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर रिकाम्या खाटा दिसतात, आणि तक्रार नाशिकच्या सहधर्मादाय आयुक्तांकडे करता येते.

प्रश्न : हप्त्यावरचा जीएसटी गेला. आता घ्यावी का पॉलिसी? (इंदिरानगर)

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य पॉलिसीवरचा १८ टक्के कर गेला, हे खरं. हप्ता दरवर्षी न चुकता भरता येणार असेल तर घ्या, आणि तब्येत ठीक असतानाच घ्या, कारण आधीपासूनच्या आजारासाठी ३६ महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं. खोलीभाड्याची अट वाचा : मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली तर नुसतं भाडंच नव्हे, बिलाचे इतर काही आकडेही त्याच प्रमाणात कापले जातात. घरात ७० किंवा त्याहून जास्त वयाचं कुणी असेल तर त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड (आयुष्मान भारतमधलं ज्येष्ठांसाठीचं कार्ड) आधी काढा. त्याला उत्पन्नाची अट नाही, आणि खाजगी पॉलिसी असली तरी ते मिळतं.