मला ती ‘माउसी’ म्हणते

मी समुपदेशक. गेल्या दोन महिन्यांत तिघांनी मला एकच प्रश्न विचारला. धुळ्याचं एक जोडपं, शहाद्याच्या एक शिक्षिका आणि भुसावळचे रेल्वेतले एक गृहस्थ. मूल दत्तक घेऊन घरी आणलंय, पण ते जवळ येत नाही. लळा लागेल ना, मॅडम? तिघांनाही मी मीनलची गोष्ट सांगितली. म्हटलं, आता लिहूनच टाकावी. नावं बदलली आहेत आणि मीनलने हो म्हटलं आहे.

मीनल आणि हेमंत टेक्सासला राहतात. हेमंतचं घर यावल तालुक्यातलं, केळीवाल्यांचं. त्याच्याकडे अमेरिकेचं नागरिकत्व, त्यामुळे भारतातून मूल घ्यायचं तर दोन्ही देशांची दारं ठोठवावी लागली. तिकडची संस्था, घरी येऊन केलेली पाहणी, इकडे ‘कारा’ची, म्हणजे केंद्रीय दत्तक प्राधिकरणाची नोंदणी, ना हरकत प्रमाणपत्र. काही वर्षं नुसती वाट बघण्यात गेली. शेवटी ओडिशातल्या एका संस्थेतली अडीच वर्षांची मुलगी त्यांना मिळाली. तिला तिथे कुनी म्हणायचे. ओडियात कुनी म्हणजे चिमुकली.

दत्तकाचा आदेश सप्टेंबर २०२२ पासून न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. तो यायचा होता, मग मुलीचा पासपोर्ट, मग व्हिसा. ना हरकत हातात असली की तोवर हमीपत्र लिहून देऊन मुलीला देशातल्या देशात जवळ ठेवता येतं. पुरी-अहमदाबाद गाडीने तिघं जळगावला उतरली, तेव्हा आषाढ लागला होता.

नवव्या दिवशी मीनल माझ्याकडे आली, एकटीच.

“ती हेमंतच्या आईंना आई म्हणते, मॅडम. आणि मला माउसी.”

हेमंत आपल्या आईला आई म्हणतो, ते ऐकून पोरीने उचललं. खानदेशात निम्म्या घरांत आजीची ‘आई’ अशीच झालेली असते. आणि माउसी म्हणजे संस्थेत सांभाळणाऱ्या सगळ्या बायका.

“कामाला ठेवलेल्या बायकांना जे म्हणायची, तेच मला. एवढ्यासाठी अर्धं जग ओलांडून आले मी?” मग दाराकडे बघून, आवाज खाली घेत, “खरं सांगू? मलाही काही वाटत नाही. फोटो बघून रडायचे. ती समोर आली आणि मी आतून कोरडी. पाप आहे का हे?”

अशा वेळी ‘छे छे, असं काही नसतं’ म्हणायचा मोह होतो. मी तो टाळते. मी म्हटलं, “काल रात्री काय काय झालं ते सांग.”

दीडला उठली. पेल्यातून पाणी घेत नाही, झाकणाच्या बाटलीतूनच लागतं. डाव्या कुशीवर, स्वतःच्या कानाची पाळी चोळत झोपते. उशीखाली बट्टीचा तुकडा सापडला.

“त्याचं काय केलंस?”

“तिथेच ठेवला. सकाळी शिळा काढून ताजा ठेवला.”

मी पेन खाली ठेवलं. “नऊ दिवसांत एवढं शिकलीस. आणि म्हणतेस, काही वाटत नाही?”

तिला पटलं नाही. मलाही ते पटवायची घाई नव्हती. माझं मत सरळ आहे आणि त्यावर मी बऱ्याच सहकाऱ्यांशी भांडलेली आहे: माया आधी हातात येते, छातीत मागून. आपण तिची उलट्या क्रमाने वाट बघतो.

तिसऱ्या भेटीत पुन्हा तेच गाऱ्हाणं. तिला माउसी म्हणू देऊ नये का, दर वेळी ‘आई म्हण’ असं शिकवावं का? अमेरिकेत पोचल्यावर पहिलं वर्षभर दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी सहा महिन्यांनी मुलीचा अहवाल भारतात पाठवावा लागतो. “त्यात लिहितील, मूल आईला आई म्हणत नाही.”

मी विचारलं, “हाक मारते तेव्हा ती बघते कुठे?”

“म्हणजे?”

“डोळे कुठे असतात तिचे?”

मीनल गप्प झाली. खाली रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं, ते थांबेपर्यंत गप्पच होती. “आधी दाराकडे बघायची. रात्री उठून दाराकडे बघून माउसी, माउसी करत रडायची.” थांबली. “परवापासून...”

मी काही बोलले नाही.

“परवापासून माझ्याकडे बघून म्हणते.”

आणि मग ती रडली, आल्यापासून पहिल्यांदा. बावीस वर्षांच्या कामात असे क्षण मोजकेच आले. तो प्रश्न मला आदल्या रात्री भाकरी थापताना सुचला होता, आणि सुचल्याचा आनंद मी लपवणार नाही.

महायुद्धानंतर घर हरवलेल्या मुलांवर जॉन बोल्बी या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाने १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेला अहवाल दिला. मूल सांभाळणाऱ्या माणसाला कसा जीव लावतं हे शोधणाऱ्या त्याच्या विचारांच्या घराण्यावर माझी सगळी भिस्त आहे. कुनीच्या कानाला ‘आई’ हे नऊवारीतल्या एका म्हातारीचं नाव होतं, बाकी काही नाही. रात्री रडल्यावर येते ती माउसी. पोरीने मीनलला तिच्याजवळची सगळ्यात मोठी जागा दिली होती आणि मीनल ती परत करायला निघाली होती.

त्या दिवशी सासूबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. त्यांना हे सांगितलं, तर त्या मला हसल्या. “माय मरो पन मावशी जगो, उगाच म्हनतस का लोके? पोर मावशी म्हनस, मंग आखो काय पायजे इले?” माझे तीन तास आणि त्यांची एक म्हण.

पण याच आजींशी माझं पुढच्या आठवड्यात वाजलं. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघरी कानबाई ही देवी बसते. सगळी भाऊबंदकी जमणार, आणि नात मिरवायची नाही? मी म्हटलं, नाही. पन्नास जणांच्या कडेवरून फिरलेल्या मुलाला आपली माणसं कोणती हे कळायला वेळ लागतो. पहिले दोन-तीन महिने भरवणं, न्हाऊ घालणं, झोपवणं आईबापांच्याच हातून व्हावं. बाकीच्यांनी लांबून हसावं. कुणाच्याही कडेवर जाणारं मूल बघून लोक ‘किती माणसाळू’ म्हणतात, मला त्याचीच जास्त काळजी वाटते. नवीन माणसापाशी रडणाऱ्या मुलाने आधी कुणावर तरी जीव लावलेला असतो. तो जीव पुन्हा लागू शकतो.

आजी दोन दिवस फोनवर आल्या नाहीत. कानबाईच्या दिवशी खाली गाणी चालू असताना त्या रोट आणि खिरीची वाटी घेऊन स्वतः माडीवर गेल्या. रोट हा कानबाईचा प्रसाद, भाऊबंदकीबाहेर देत नाहीत. मीनलच्या हातात वाटी दिली, म्हणाल्या, “तू भरव,” आणि उतरल्या.

इतर तिघांना मी आणखी काय सांगितलं? संस्थेतून अंगावर आलेला फ्रॉक लगेच धुऊ नका, त्याचा वास मुलाच्या ओळखीचा असतो. नाव बदलायची घाई करू नका. मीनलच्या घरी ‘आर्या’ ठरलं होतं, कागदावर ते आलं, हाक कुनीच राहिली. निघण्यापूर्वी तिथल्या मावशीच्या आवाजात तिची अंगाई फोनवर भरून घ्या. उशीखालची भाकरी काढून फेकू नका. आणि आईची झोप उडाली, मुलाकडे बघवेना असं आठवडेच्या आठवडे चाललं, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. बाळंतिणीला होतं तसं दत्तक आईलाही होऊ शकतं. शहाद्याच्या बाईंना मी हेच सांगितलं. त्या अजून गेलेल्या नाहीत.

टेक्सासला पोचून तीन महिने झाल्यावर पहिल्या अहवालासाठी तिकडची कार्यकर्ती घरी आली. तिने विचारलं, मुलगी तुम्हाला काय म्हणते? हेमंत तेव्हा कुनीला वरणभात भरवत होता.

“माउसी,” मीनल म्हणाली. “त्यालासुद्धा.”