अमेरिकेतल्या पूर्वजांचं आडनाव शोधताय? थेट १७९० च्या पहिल्या जनगणनेत उडी मारू नका

आधी स्वतःपासून एकेक पिढी मागे जा. १८५० च्या जनगणनेत घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव सापडतं (गुलामांची बहुतेक नुसती मोजदाद). त्याआधी नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं, बाकी आकडे. इथेच गाडी अडते. मग काउंटी (जिल्हा) कोर्टातली मृत्युपत्रं, खरेदीखतं धुंडाळायची. व्हर्जिनियात १७९० ची मूळ पानं उरलीच नाहीत, तिथे भिस्त करयाद्यांवर.

स्पेलिंगवर अडून बसू नका! कारकून कानावर पडेल तसं लिहायचा. जर्मन 'श्नायडर'चा (म्हणजे शिंपी) 'स्नायडर' झाला, कुठे अर्थावरून चक्क 'टेलर'. उलट, आडनाव जुळलं म्हणून घराणं एक असेलच असंही नाही. मी दोन वर्षं भलत्याच जॉनच्या मागे होतो. खतावरच्या साक्षीदारांची नावंही टिपा, पुष्कळदा ते शेजारी नाहीतर सासरचे निघतात.