दात दाखवायला

मालगुंड, 3 जून

बाळा,

आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, कामं चालली आहेत. पडवीत लाकडं रचता रचता उत्तर लांबलं, रागावू नको.

कबड्डीत चढाईला निघताना मधली रेघच दिसेनाशी होते, हात गार पडतात, आदल्या रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, असं लिहिलंस. आणि खाली एका ओळीत: मंडळाच्या सत्काराला माईकवर सगळं सांगून टाकू का?

आधी डॉक्टरला सांग. माईक कुठे पळून जात नाही.

कोहलीचा दाखला दिलास. 2014 च्या इंग्लंड दौऱ्यात कसोटीच्या दहा डावांत मिळून त्याच्या 134 धावा झाल्या. तेव्हा आपण नैराश्यात होतो, हे त्यानं मुलाखतीत सांगितलं 2021 मध्ये. तोवर तो कप्तान झाला होता, त्याला संघाबाहेर काढायची छाती कुणाची? तुझं नाव अजून जिल्ह्याच्या यादीत पेन्सिलीनं लिहिलंय. 'पोरगा हळवा आहे' म्हणत ते खोडणारी माणसंही त्या टेबलाशी बसतात, मी पाहिलीत.

मला तुझ्यासाठी अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स जवळची वाटते. 2021 ला टोकियो ऑलिंपिकमध्ये सांघिक अंतिम फेरीत एका व्हॉल्टनंतर ती थांबली. हवेत गिरकी घेताना आपण कुठे आहोत हेच तिला उमगेना. लोकांनी पळपुटी म्हटलं. त्याच स्पर्धेत ती बीमवर कांस्य जिंकून गेली, आणि 2024 ला पॅरिसमध्ये तीन सुवर्णं. रेघ दिसत नसेल त्या दिवशी चढाईला जाऊ नको. पंचाला ते कळणार नाही, तुलाच सांगावं लागेल.

आता माझं. ऐन उमेदीत एका अंतिम सामन्यात शेवटच्या चढाईला माझी पकड झाली. त्यानंतर अन्न जाईना, पहाटे तीनला जाग यायची. आईनं देवळात कौल लावला, गाऱ्हाणं घातलं. (तिला तेवढीच वाट ठाऊक होती.) शेवटी मामानं रत्नागिरीला मानसोपचाराच्या डॉक्टरकडे नेलं. तिथं मनोरुग्णालय आहे म्हणून 'याला रत्नागिरीला न्या रे' ही आपल्याकडची चेष्टा तुला माहीतच आहे. एसटीत कुणी विचारलं की मी सांगायचो, दात दाखवायला चाललोय. आठ महिने. एकदा कंडक्टर म्हणाला, "काय रे, दात आहेत तरी किती तुला?" मी गाल धरून हसलो, आणि परतीच्या वाटेवर आठवत बसलो की गेल्या खेपेला कुठला गाल धरला होता. गोळ्यांनी झोप परत आली. गालांचा हिशेब मात्र शेवटपर्यंत छळत राहिला.

डॉक्टरला तू खेळतोस हे सांग. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्या डोपिंगच्या बंदी यादीत नसतात, पण लक्ष लागावं म्हणून देतात त्यातली काही औषधं असतात. चिठ्ठी जपून ठेव. बरं वाटलं म्हणून मनानं गोळ्या सोडू नको, मी सोडल्या होत्या नि महिनाभरात पुन्हा आडवा झालो. रात्री फारच जड वाटलं तर 14416 लाव. टेलिमानस, सरकारी आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात.

आणि सत्काराच्या आधी, सराव संपून मातीत बसला असाल तेव्हा, कोपऱ्यावरच्या तुझ्या जोडीदाराला सांगून बघ. तुमच्या संघातलं आणखी कोणी दात दाखवायला जात असेल, असा मला संशय आहे.

बुधवारी मी रत्नागिरीला चाललोय. पहिल्या एसटीत खिडकीजवळ दोन जागा धरतो. कंडक्टरनं विचारलं तर काय सांगायचं ते तू ठरव.

तुझा,
अण्णा