मासे कोणते ते कळतं, किती ते अडतं

प्रश्न : मुलगी बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय प्राणिशास्त्र. धरणाच्या पाण्यातल्या डीएनएवरून कोणते मासे किती आहेत ते सांगता येतं, त्यातच करिअर करायचं म्हणते. सीक्वेन्सिंग मशीनचा कोर्स लावून द्यावा का? – एक पालक, पैठण

उत्तर : मशीनच्या कोर्सला पैसे घालू नका. सीक्वेन्सिंग, म्हणजे डीएनएचा क्रम वाचणं, बाहेरून करून मिळतं, खरं काम त्यानंतरचं.

नाथसागराच्या लिटरभर पाण्यात रोहू आणि मरळीचा डीएनए सारखाच आहे, असं धरा. प्रायमर, म्हणजे माशांचा डीएनए पकडणारा छोटा तुकडा, मरळीला जरा कमी जुळतो. म्हणून पीसीआरच्या (डीएनएच्या प्रती वाढवायच्या प्रक्रियेच्या) दर फेरीला रोहूचा डीएनए १.९ पट वाढतो, मरळीचा १.८ पट. ३० फेऱ्यांनी रोहू पाचपट दिसतो! शिवाय एकूण रीड (मशीनने वाचलेले डीएनएचे तुकडे) किती मिळणार हे मशीनच्या क्षमतेवर ठरतं. त्यामुळे रोहू वाढला की कटल्याचा वाटा घटतो, कटला होता तेवढाच असला तरी.

यावर उपाय म्हणजे त्या पाण्यात नसणारा डीएनए मोजून मिसळायचा. १,००० प्रती टाकल्या आणि ५,००० रीड आले, तर प्रतीमागे ५. रोहूचे २०,००० रीड म्हणजे सुमारे ४,००० प्रती. प्रायमरची खोट मात्र याने जात नाही; त्यासाठी माहीत असलेल्या प्रमाणात मिसळलेले नमुने सोबत चालवावे लागतात. आणि प्रती म्हणजे मासे नव्हेत. मोठा मासा डीएनए जास्त सोडतो, उन्हाळ्यात डीएनए लवकर नासतो, काही वरून गोदेतून वाहत येतो. एकाच जातीचा प्रश्न असेल तर हे सगळं सोडून क्यूपीसीआर (प्रती वाढतानाच मोजणारं पीसीआर) करावं.

पावसाळ्यातल्या गढूळ पाण्याने ०.४५ मायक्रॉनचा फिल्टर लिटर पुरं व्हायच्या आत तुंबतो. कुजलेल्या पालापाचोळ्यातून येणारं ह्यूमिक आम्ल पीसीआर अडवतं; तेव्हा डीएनए दहापट विरळ करून पुन्हा चालवायचा. धरणावर नमुने घ्यायला जाल तेव्हा दर वेळी शुद्ध पाण्याची एक बाटलीही गाळायची. तिच्यात कटला निघाला, तर तो धरणातला नाही, आपल्याच हाता-भांड्यांतून मिसळलेला.

मुलीने आत्ताच आर भाषा, लिनक्स, संभाव्यता आणि रिग्रेशन धरावं. बारावीला गणित सोडलं असेल तर सुरुवात तिथूनच. एनसीबीआय या अमेरिकी संस्थेच्या साइटवरचा फुकट डेटा घेऊन डाडा-टू (रीडमधल्या चुका गाळणारं आरमधलं सॉफ्टवेअर) चालवून बघावं, त्याला साधा लॅपटॉप पुरतो. एम.एस्सी.साठी संभाजीनगरचं विद्यापीठ जवळ आहे, तिथं डीएनए बारकोडिंगचं (डीएनएच्या छोट्या तुकड्यावरून जात ओळखण्याचं) पॉल हेबर्ट केंद्रही आहे. पुढे हैदराबादला सीसीएमबी या संशोधन संस्थेची लॅकोन्स ही वन्यजीवांवरची प्रयोगशाळा. पीएच.डी.च्या शिष्यवृत्तीसाठी नेट द्यावी, गेटमध्येही इकॉलॉजी अँड इव्होल्यूशनचा पेपर असतो.

नुसत्या बी.एस्सी.वर यात नोकरी धरून चालू नका. एम.एस्सी.नंतरही सुरुवातीला बहुधा प्रकल्पापुरतीच नेमणूक मिळते, तेव्हा दोन-तीन वर्षांच्या खर्चाचा हिशेब घरात आधीच बोलून घ्या.